बया आणि बह्याड

पाखरांतलं मला जितकं कळतं तितकं पाखरांनाही कळत नाही, अशी आमच्या गावात माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली, हे खरं. पण ख्याती काय आपोआप पसरते का? सकाळ-संध्याकाळ पानठेल्यावर तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, धरून मेहनत घ्यावी लागते.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पिकणारं. पावसाळ्यात जिकडं पाहावं तिकडं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि चिखल असा की एका वर्षी रोवणा, म्हणजे लावणी, करताना माझी डाव्या पायाची चप्पल रुतली, ती तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याच्या बांधीत निघाली. माझ्या शेताच्या टोकाला आमची बोडी आहे, म्हणजे छोटं तळं. तिच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, सात शिंदीची झाडं पाण्यावर वाकून उभी आहेत. सगळ्यात उंच शिंदीवर चढलं की प्रतापगडचा डोंगर दिसतो, असं मी सांगतो. आजवर कोणी तपासायला चढलेलं नाही, कारण शिंदीला काटे असतात.

या सात शिंदींच्या झावळ्यांना दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. आमच्याकडं तिला बया म्हणतात. दुधी भोपळा उलटा टांगावा तसा खोपा, आणि खाली नळीसारखं दार. वारा आला की सगळी वसाहत एकदम झोके घेते. कलकलाट असा की बोडीवर दोन माणसं भांडत असली तर त्यांना भांडण उद्यावर ढकलावं लागतं. त्या वर्षी मी एकशे बेचाळीस खोपे मोजले. बायकोनं बेचाळीस मोजले. शंभर सोडून मोजायची तिची जुनी सवय आहे.

माझा एक लंगोटीयार नागझिऱ्याला गाईड आहे. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद असतं. त्या दिवसांत त्याला ज्ञान सांगायला माणूस मिळत नाही, मग ते साचतं, आणि तो ते ठेल्यावर येऊन आमच्यावर सांडतो. अंगात खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण. दुर्बीण तो जेवतानाही काढत नाही. वरणात डाळ कुठं आहे ते त्यातून पाहत असावा.

तर रोवणा आटोपला होता, आभाळ जरा उघडलं होतं, आणि मी ठेल्यावर चार माणसांना बयेचं माहात्म्य समजावून सांगत होतो.

“हे बया म्हणजे मोठी कर्तबगार बाई. नवरा तारेवर बसून गप्पा हाणते, आन् हे बिचारी दिवसभर घर विणते. आता तुमी पाहिलं असेल, काही खोपे अर्धेच असतात. टोपी उलटी टांगल्यासारखे, मधात एक पट्टी. तो नवऱ्याचा झुला होय. बायकोनं हाकललं का तो बिचारा त्या पट्टीवर बसून रात काढते.”

चार माणसांपैकी तिघांनी सहानुभूतीनं मान हलवली. चौथा गाईड होता.

“काऊन गा,” तो म्हणाला, “सकाळपासून कोनी खोटं बोलाले भेटलं नाही का? खोपा बाई नाही, गडी विणते. नर.”

“नर?”

“नरच. डोक्स्यावर पिवळी टोपी आन् तोंडाले काळपट फडकं बांधल्यासारखा असते ना, तो नर. तोच विणते. मादी फक्त पाहाले येते. पसंत पडलं तर राहाते, नाही त चालली.”

“आन् तो झुला?”

“झुला कायचा! ते मादीनं नापास केलेलं घर होय. पट्टी म्हणजे मधातली भिंत. पास झालं असतं त त्याले पुढं नळी लागली असती.”

गेली पंधरा वर्षं मी हा झुला लोकांना दाखवत होतो. त्या झुल्यावर बसलेल्या नवऱ्याच्या दुःखाचं वर्णन ऐकून आमच्या गावच्या एका गड्यानं माहेरी गेलेली बायको परत आणली होती. असा झुला कोणी एका वाक्यात तोडू शकत नाही.

“नाव पाह्य ना,” मी म्हणालो. “सुगरण. बया. दोन्ही नावं बाईचीच. माणूस चुकेल, नाव कसं चुकेल?”

“नाव पाखरानं ठेवलं का? तुझ्या-माझ्यासारख्यानंच ठेवलं. घरकाम दिसलं का आपल्याले बाईच दिसते.”

सगळे हसले. ठेलेवाला गोंदियाहून आलेला, त्याचं सगळं हिंदीत. तो म्हणाला, “भैया, आज तो आप आउट हो गए.” आता आऊट झालेला माणूस दोनच गोष्टी करू शकतो: घरी जाऊ शकतो किंवा बॅट आपटू शकतो. मी बॅट आपटली.

“ठीक आहे. गडी विणते म्हणतेस ना? मग त्यात का मोठं? मी बी गडीच होय. मी विणून दाखवतो.”

“तू?”

“मीच. आन् असा विणतो का बयेची मादी स्वतः येऊन पसंत करंल.”

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मला ते परत आत घ्यावंसं वाटलं, पण ठेल्यावर निघालेलं वाक्य परत आत जात नाही. गाईडनं लगेच अटी घातल्या. दोरा, सुतळी, तार चालणार नाही. धानाच्या नाही तर शिंदीच्या पानाच्या पट्ट्याच वापरायच्या. पाखराला एक चोच असते, म्हणून मलाही एकच हत्यार: काटा काढायचा चिमटा. खोपा त्याच शिंदीला टांगायचा, आणि पोळ्याच्या आत मादीनं पसंत करायचा. जिंकलो तर जंगल उघडल्यावर गेटवर सगळ्या पर्यटकांसमोर तो मला गुरुजी म्हणून वाकून नमस्कार करणार.

“आन् हारला त?” कोणी तरी विचारलं.

गाईडनं विचार करायचं नाटक केलं. “मंडईच्या दंडारीत पाटलाच्या बायकोचं काम याचं. मिशी काढून.”

इथं थोडं सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, सोयरे-धायरे येतात, आणि दिवसा मांडवात दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, होते. रात्रीच्या नाटकांना आता शहरातून खऱ्या नट्या येतात, पण आमच्या गावची दंडार अजून गड्यांवरच चालते. बाईचं काम करणारा आमचा गडी त्या वर्षी पुण्याला कंपनीत लागला होता. जागा रिकामी होती. हे गाईडला माहीत होतं. आणि त्याला दुसरंही एक माहीत होतं: मंडईला दरवर्षी माझ्या सासूबाई येतात आणि पहिल्या रांगेत बसतात.

सासूबाईंसमोर मी अकरा वर्षं एक रुबाब सांभाळून आहे. सासुरवाडीच्या नोंदीत मी वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवलेला जावई आहे. वाघानं आधी नजर वळवली, असं त्या स्वतः शेजारणींना सांगतात. त्यांची तक्रार एकच, माझ्या खर्ऱ्याची. माझी मिशी ही त्या प्रसंगाची एकमेव साक्षीदार. ती काढून, लुगडं नेसून, त्यांच्या समोर कंबर हलवायची म्हणजे वाघ बरा.

“मंजूर,” मी म्हणालो. ठेलेवाला म्हणाला, “सब गवाह हैं.”

दुसऱ्या दिवसापासून मी बोडीवर मुक्काम ठोकला. आजवर मी पाखरांविषयी बोलत आलो होतो. आता पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहू लागलो. या दोन कामांत फार फरक आहे, आणि दुसऱ्यात मान दुखते.

गाईड खरं बोलला होता, हे मला पहिल्या तासात कळलं. तिसऱ्या आठवड्यात मी ते मान्य केलं. वर्षभर हा नर अगदी चिमणीसारखा मातकट, शेजारी बसला तरी कोणी विचारणार नाही. पण पावसाळा आला की त्याच्या टाळूला आणि छातीला हळद लागते. नवरी ठरायच्या आधीच हळद लावून बसलेला दुसरा नवरदेव मी पाहिला नाही. मादी मात्र बाराही महिने तशीच मातकट. हळद याला, पसंती तिची.

याचं काम पाहावं. धानाच्या पानाच्या बुडाशी चोचीनं एक चीर देतो, चिरीचं टोक धरतो आणि वर उडतो. उडण्याच्या झटक्यानं पानाची लांब पट्टी अशी सुटते, जणू दर्जीनं फाडली. मी तेच चिमट्यानं केलं. अख्खं रोप मुळासकट हातात आलं. दुसरं केलं, तेही आलं. बायको बांधीत निंदण काढत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अवो, पाखरं धान खातात ते खातात, आता घरधनीबी चराले लागले का?”

“मी शिकून राहिलो.”

“शिका. पन पलीकडच्या बांधीत शिका. ते तुमच्या भावाची आहे.”

पट्टी काढायला मला आठ दिवस लागले. मग विणणं. नर आधी झावळीच्या टोकाला पट्ट्या गुंडाळतो, त्यातून एक कडं करतो, कड्यात बसतो आणि चारी बाजूंनी आपल्याभोवतीच भिंत विणतो. मला कड्यात बसता येईना. म्हणून मी ओसरीच्या आड्याला गुडघे अडकवून उलटा लटकलो आणि विणून पाहिलं. रक्त डोक्यात उतरलं, आणि मला खरंच चिवचिव ऐकू येऊ लागली. दारातून शेजारीण परत गेली ती थेट ठेल्यावर. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बया पाहू-पाहू हा बह्याड झाला. आमच्या भागात डोकं फिरलेल्याला बह्याड म्हणतात. बया आणि बह्याड यांत अंतर फार नाही, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पहिला खोपा मी अंगणात ठेवला, तो बकरीला पसंत पडला. तिनं नळीपासून सुरुवात करून संपवला. दुसरा सुकल्यावर गोळा झाला. तिसरा मला बरा वाटत होता, पण सकाळी पाहतो तर बायको त्यानं कढई घासत होती.

“अवं, तो खोपा होय!”

“असंल. पन करपलेलं चांगलं निघून राहिलं. अजून दोन-तीन करा.”

चौथा मात्र खोपा झाला. मी खोटं सांगत नाही. गाईडनं स्वतः तो हातात घेऊन दोनदा फिरवला आणि तसाच परत दिला, आणि हा माणूस मोराच्या पिसाऱ्यातही खोट काढतो. वर घुमट, मधे पट्टी, दोन बाजूंना दोन कप्पे, नळीआधीची अगदी ती अवस्था, जेव्हा मादी पाहायला येते. नर आत ओल्या मातीचे ठिपके लावतो, तेही मी लावले. त्या मातीत तो काजवे चिकटवून उजेड करतो, असं लोक म्हणतात. त्या उजेडात आमच्या आज्यानं कोर्टाची नोटीस वाचली होती, असं मी म्हणतो.

टांगण्यासाठी मी गळ्याएवढ्या पाण्यात उतरलो. बांबूच्या आकड्यानं झावळी खाली ओढली, खोपा तिच्या टोकाला बांधला आणि झावळी सोडली. खोपा वर गेला, दोन झोके घेतले आणि बाकीच्यांत मिसळला. पाण्यातून एक साप माझ्या हनुवटीजवळून गेला. त्यानंही एकदा वर पाहिलं.

पोळ्याला बारा दिवस होते.

पहिले तीन दिवस माझ्या खोप्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेजारचे नर आपापल्या खोप्याखाली उलटे लटकून पंख फडफडवत होते, ओरडून ओरडून मादीला बोलावत होते. माझ्या खोप्याला मालक नव्हता, म्हणून तिसऱ्या दिवशी मी पाळीवर उभा राहून दोन्ही हात फडफडवले आणि जमेल तसा ओरडलो. कालव्यावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, कोणी बुडालं का. चौथ्या दिवशी एक हळदीचा नर आला, माझ्या घुमटावर बसला आणि सरळ माझी एक पट्टी उपसून आपल्या खोप्याला लावू लागला. मग दुसरा आला. या जमातीत शेजाऱ्याचं सामान नेण्याची लाज कोणाला नाही. मी पाण्यात उतरून डागडुजी केली. ते पुन्हा घेऊन गेले. असं तीन दिवस चाललं. त्यांच्यातल्या एकाचा खोपा तर निम्मा माझ्याच पट्ट्यांचा झाला असेल, आणि तो पासही झाला. पण अटीत तसं काही लिहिलं नव्हतं.

मग आठव्या दिवशी सकाळी ती आली.

मातकट, पाठीवर काळपट रेघा, टाळूला हळद नाही. आधी झावळीवर बसली. मग माझ्या खोप्याच्या पट्टीवर उतरली. बसली! मी श्वास रोखला, आणि मला आठवतं त्याप्रमाणे पाऊण तास रोखूनच ठेवला. तिनं आत डोकं घातलं, बाहेर काढलं, उडाली. दुपारी परत आली. मी तिथूनच ठेल्यावर फोन लावला आणि ओरडलो, “आली! बया आली! पसंत केलं!”

गाईड धावत आला. दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं आणि थंडपणे म्हणाला, “चिमणी होय.”

“चिमणी?”

“घरातली चिमणी. मादी. मातकट, रेघावाली. अशीच असते.”

“बयेची मादी बी अशीच असते!”

“होय. म्हणूनच त म्हणतो, पक्कं सांगता येत नाही. आन् पक्कं नसलं त तू हारला.”

आता ही गोष्ट सोपी नव्हती. गाईडनं पुस्तक आणलं, त्यात दोघींची चित्रं शेजारी-शेजारी. ठेल्यावर पुस्तक हातोहात फिरलं. बयेची चोच जाड आणि फिकट, शेपूट आखूड. चिमणीची चोच जरा बारीक, शेपूट लांब. चित्रात सगळं स्पष्ट होतं. पाखरू मात्र चित्रासारखं बाजूला तोंड करून बसायला तयार नव्हतं. गाईडनं काढलेला फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. त्यात झावळी सुंदर आली होती आणि पाखराच्या जागी एक ठिपका. त्या ठिपक्यावरून गावाचे दोन भाग झाले. बयावाले आणि चिमणीवाले. सरपंचानं दोन्ही बाजूंना लाइकचा अंगठा टाकला. एकानं लिहिलं, मुनिया असावी. त्याला दोन्ही बाजूंनी मिळून गप्प केलं.

“दोन्ही बहनें लगती हैं,” ठेलेवाला म्हणाला. “एक की शादी अच्छे घर में हुई, बस.”

दोन दिवस असेच गेले. ती रोज यायची, पट्टीवर बसायची, आम्ही सगळे पाळीवर बसायचो. माझी मिशी त्या दिवसांत जास्तच खाजायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी निम्मं गाव बोडीवर जमलं. गाईड म्हणत होता चिमणी, मी म्हणत होतो बया, आणि दोघांच्या मधून विळा हातात घेऊन बायको पुढं आली. तिला माझ्याशी बोलायचं होतं, बैलांच्या झुलीचं काही तरी, पण सगळे वर पाहतायत म्हणून तिनंही वर पाहिलं. पाखरू नुकतंच येऊन बसलं होतं.

“हे बया होय,” ती म्हणाली.

“वहिनी, असं कसं म्हणता?” गाईड म्हणाला. “चोच दिसून राहिली का इथून?”

“चोच कायले पाहाची? माझ्या घरात चिमण्या आहेत ना. फोटोमागं आहेत, मीटरच्या डब्ब्यात आहेत, यांच्या जुन्या गमबूटातबी अंडी घातली. चिमणी भोक दिसलं का घुसते. तिले घर कसं आहे याचं काहीच नाही. हे पाहा कशी बसली, घुसून नाही राहिली. तपासून राहिली. तीन दिवस झाले तपासून राहिली. चिमणी तपासते का कधी?”

गाईडनं दुर्बीण खाली केली. पुस्तकात शेपूट होती, चोच होती, पण ही खूण नव्हती. तो प्रामाणिक माणूस आहे. त्यानं मान हलवली. “होय. मादीच होय. बयेची.”

मी हात वर केले. बयावाल्यांनी आरोळी ठोकली. मी लग्नानंतर पहिल्यांदाच सगळ्या गावासमोर बायकोकडं कौतुकानं पाहिलं. पण ती माझ्याकडं पाहत नव्हती, वरच पाहत होती.

“थांबा ना,” ती म्हणाली. “तपासणं झालं नाही अजून.”

मादी पट्टीवरून घुमटावर गेली. चोचीनं एक पट्टी धरून ओढली, सोडली. दुसरी ओढली, सोडली. मग अगदी वर, जिथं मी खोपा झावळीला बांधला होता, तिथलं लोंबतं टोक तिनं धरलं आणि एक झटका दिला.

खोपा सुटला. घरंगळला नाही, फाटला नाही, सुटला. अख्खा घुमट सरळ खाली आला आणि बोडीत पडला, डुब्ब. मादी उडून पलीकडच्या शिंदीवर एका हळदीच्या नराच्या खोप्यावर जाऊन बसली. तो फडफडू लागला.

माझ्या ताबडतोब लक्षात आलं काय झालं ते. तीस वर्षं रोज संध्याकाळी मी बैल बांधतो. बैलाच्या दाव्याला आम्ही सुरगाठ मारतो. एक टोक लोंबतं ठेवायचं आणि ते ओढलं की गाठ सुटली पाहिजे, नाही तर गोठ्याला आग लागली तर माणूस गाठ उकलतच बसेल. पाण्यात गळ्याएवढा उभा राहून, सापावर एक डोळा ठेवून, माझ्या हातानं झावळीला जी गाठ मारली ती हातानं रोजच्या सवयीनं मारली. मी खोपा बांधला नव्हता. मी बैल बांधला होता.

“पन आली त होती!” मी म्हणालो. “बया आली होती, हे ठरलं ना?”

“आली,” गाईड म्हणाला. “पाहिलं. नापास.”

“आन् चिमणी असती त?”

“चिमणी असती त कधीची घुसून राहिली असती. मग बी तू हारलाच असता.” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काही म्हण, खऱ्या बयेनं तुले नापास केलं. हा बी मान आहे. पाटलीनबाई.”

बायको विळा हलवत बांधीकडं निघाली. मी तिला विचारलं, “तुले कायले बोलायचं होतं मधात?”

“मी खरं बोलली ना? तुमीच म्हणता, मले पाखरांतलं कळत नाही.”

मंडईच्या दिवशी सकाळी मिशी गेली. आरशात एक अनोळखी माणूस होता. त्याचा वरचा ओठ त्यानं वीस वर्षांत पाहिला नव्हता आणि ओठानंही त्याला ओळखलं नाही. लुगडं बायकोनंच नेसवलं. नेसवताना दोनदा तिला बसून हसावं लागलं. “माय आली आहे,” ती म्हणाली. “पहिल्या रांगेत आहे. तुमी कोठी आहात विचारून राहिली.”

“का सांगितलं?”

“इथंच आहेत म्हणलं. खोटं कायले बोलू?”

मांडवात टाळ्या, ढोलकी, पोट्ट्यापाट्ट्यांचा गोंधळ. मी पदर घेऊन बाहेर आलो आणि खाली पाहिलं. सासूबाई समोरच, शेंगा सोलत. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. वाघाला दिल्याचं सांगितलं होतं तेवढीच. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाल्या, आणि हे मला स्टेजवर स्पष्ट ऐकू आलं, “कोनाची सून होय व हे? अंगापिंडानं चांगली आहे.”

मी सुटलो होतो! माझ्या अंगात जे काही आलं ते मी आजवर कोणाला समजावू शकलेलो नाही. पाटलाच्या बायकोला चार वाक्यं होती. मी चाळीस म्हटली. पाटील झालेल्या गड्याचं घर पाहायला गेलो, कुडाची काडी ओढून पाहिली, नाक मुरडलं, परत फिरलो, परत आलो. लोक शिट्ट्या वाजवत होते. गाईड मागं उभा राहून दुर्बिणीतून पाहत होता, तेवढ्या अंतरातून दुर्बिणीची काय गरज होती कोण जाणे.

खेळ संपल्यावर मी पडद्यामागं टेकलो होतो, इतक्यात पडदा बाजूला झाला आणि सासूबाई आत आल्या. बायको त्यांच्या मागं, तोंडाला पदर लावून. सासूबाईंच्या हातात कुंकवाची डबी होती.

“बाई, काम चांगलं केलंस व,” त्या मला म्हणाल्या. “पन कपाळ काऊन रिकामं ठेवलंस? भर मंडईत बरं दिसते का?”

मी मान खाली घातली. बोललो असतो तर एवढ्या जवळून आवाज ओळखला गेला असता. त्यांनी बोटावर कुंकू घेतलं, दुसऱ्या हातानं माझी हनुवटी वर केली आणि जवळ येऊन कपाळाला टेकवलं. मग थांबल्या. नाकानं एकदा हवा ओढली. पुन्हा एकदा ओढली.

“जावईबापू,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमच्या तोंडाले खर्ऱ्याचा वास येऊन राहिला.”

मी पदर पुढं ओढला आणि, खोटं कायले बोलू, लाजलो.